वाचलेलं हाताशी राहावं म्हणून

आजचा दिवस झोपेवरचे लेख ऑब्सिडियन या नोंदी ठेवायच्या अ‍ॅपमध्ये आणण्यात गेला, आणि फार समाधान वाटतंय. त्याचं वेब क्लिपर हे ब्राउझर एक्स्टेंशन वेबपानावरच्या जाहिराती, मेन्यू गाळून मुख्य मजकूर मार्कडाउन फाइल म्हणून आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवतं. मार्कडाउन ही साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत २००४ सालची, पण आहे साधं टेक्स्टच, कुठल्याही एडिटरमध्ये उघडतं. मूळ पान उद्या गायब झालं तरी माझी प्रत माझ्याकडे राहते. मला तरी हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

मग ते सगळे लेख एआयला दिले आणि विचारलं, यांचं एकमेकांशी कुठे पटत नाही? नुसता सारांश मागण्यापेक्षा हा प्रश्न कितीतरी जास्त देऊन जातो. एक लेख दुपारच्या झोपेची बाजू घेतो, दुसरा म्हणतो तिने रात्रीची झोप मोडते. खरं तर दोघं वेगवेगळ्या वेळांच्या झोपेबद्दल बोलत होते! प्रत्येक मुद्द्याला फाइलचं नाव आणि मूळ वाक्य मात्र मागायचंच, कारण एआय लेखात नसलेलं वाक्यही ठामपणे सांगू शकतो. मूळ लिंक फाइलच्या वरतीच नोंदलेली असते, त्यामुळे पडताळणी पटकन होते.

तुमच्यापैकी कुणी असं करत असेल, तर एआयला काय काय विचारता ते नक्की लिहा.