आमची वाटचाल : शिलाई मशीनवरून छतापर्यंत

आमच्या कामाची सुरुवात कापडापासून झाली. पिकअपच्या हौद्यात बसणाऱ्या पॉप-अप कॅम्परचे, म्हणजे प्रवासात राहायच्या छोट्या खोलीचे, छत वर उचलले की त्याखाली जी मऊ भिंत उलगडते, विनाइलचा थर दिलेल्या पॉलिएस्टरची, ती शिवून देणे एवढेच काम आम्ही घेत असू. जुनी भिंत उतरवायची, तिच्या मापाने नवी कापायची, खिडक्यांना जाळी आणि चेन लावायची, पुन्हा बसवायची. पुढे छत, वीज, पाणी, गॅस ही कामे अंगावर येत गेली, ती धंदा वाढवायचा म्हणून नव्हे. नवी भिंत लावलेले कॅम्पर आतून ओले होऊन परत येत, आणि भिंत मात्र ठणठणीत असे. पाणी भलतीकडूनच येत होते.

कापडाचे काम आजही सगळ्यात जास्त असते. कापड सपाट भागात सहसा फाटत नाही. ते जाते कोपऱ्यात, जिथे उभी आणि आडवी घडी एकमेकींवर बसते. तिथला विनाइलचा थर आधी पांढुरका होतो, मग तडकतो, मग सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. ती शोधायला रात्री आत प्रखर दिवा लावून बाहेरून बघावे, नेमकी दिसतात. ठिगळ लावायचे तर त्याच जातीचे कापड घ्यावे, छिद्राच्या चारी बाजूंनी तीन सेंटिमीटर जास्त ठेवावे आणि कोपरे गोल कापावेत, कारण टोकदार कोपरा आधी सुटतो. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून विनाइलचा गोंद पातळ लावावा, रोलरने दाबावे आणि चोवीस तास घडी घालू नये. उसवलेल्या शिवणीला ठिगळ नको, जुन्या टाक्यांच्याच भोकांतून पॉलिएस्टरचा दोरा घालावा. नवी भोके पाडली की तिथे कापडाची चाळण होते.

पण मुळात कोपरे जातात ते छत खाली घेण्याच्या घाईमुळे. सगळी दारे-खिडक्या बंद ठेवून छत खाली आणले तर आतली हवा कोंडते, कापड बाहेर फुगते आणि छताची कड व भिंत यांच्यामध्ये चिमटते. म्हणून दार किंवा छतावरचा झरोका उघडा ठेवावा. भिंतीच्या मध्यावर बाहेरून एक लवचीक दोरी फिरवून ठेवली की घडी आपोआप आत पडते. छत टेकले की चारही बाजूंनी फिरून कापडाची एखादी जीभ बाहेर राहिली नाही ना, हे बघून मगच खटके लावावेत.

धुवायला कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब आणि मऊ ब्रश पुरे. ब्लीच, थिनर, पेट्रोल यांपैकी काहीही नको. विनाइल मऊ राहते ते त्यात मिसळलेल्या प्लॅस्टिसायझरमुळे. थिनर आणि पेट्रोल तेच ओढून काढतात, आणि कापड पापडासारखे कडक होते. ओले कापड बंद करावेच लागले तर दुसऱ्या दिवशी उघडून वाळवावे. दोन दिवस गेले की काळे ठिपके धरू लागतात. बुरशी पुसली जाते, डाग सहसा राहतो.

आता छत. छतावरचे अॅल्युमिनियमचे पत्रे क्वचितच गळतात. गळते ते भोक पाडलेल्या जागी : झरोका, सोलरची वायर, कॅरिअरचे पाय, कडेची पट्टी. आणि पाणी जिथे शिरते तिथे दिसत नाही. ते चौकटीच्या नळीवरून वाहत जाऊन सगळ्यात खालच्या कोपऱ्यात टपकते. मालक ओल्या कोपऱ्यात सीलंट, म्हणजे फट बुजवायचा मसाला, भरतात आणि पाण्याची वाट तशीच राहते. आम्ही आतले अस्तर काढून एकाला आत बसवतो आणि बाहेरून बारीक धारेचा पाइप खालून वर नेतो, एका वेळी एकच सांधा, प्रत्येकी पाच मिनिटे. वरून सुरुवात केली तर सगळेच एकदम भिजते आणि कळत काहीच नाही.

सिलिकॉनबद्दल आमचे मत कडवट आहे. छताच्या सांध्यावर सिलिकॉन लावू नये. ते स्वतः बरे चिकटते, पण एकदा सुटले की त्याचा अदृश्य थर मागे राहतो आणि त्यावर दुसरा कुठलाही सीलंट धरत नाही. सिलिकॉनवरही नवे सिलिकॉन धड बसत नाही. अशा छतावर कामाचा निम्मा वेळ खरवडण्यात जातो. खरवडायला प्लॅस्टिकची पट्टी वापरावी, लोखंडी पट्टीने पत्र्यावर चरे पडतात.

झरोका नव्याने बसवताना आधी सगळे स्क्रू काढून चौकट उचलावी आणि दोन्ही बाजू अल्कोहोलने पुसाव्यात. चौकटीखाली तीन मिलिमीटर जाडीची ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबराची पट्टी, अखंड फिरवावी, सांधा उताराच्या वरच्या बाजूला येऊ देऊ नये. स्क्रू समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळावेत, एक संपवून दुसरा असे नको. टेप सगळीकडून सारखी बाहेर आली की थांबावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळावे, कारण ब्युटाइल सावकाश पसरते. बाहेर आलेली टेप कापून स्क्रूच्या डोक्यांवर आणि कडेवर आपोआप समपातळीत पसरणारा छताचा सीलंट घालावा. हा सीलंट फक्त आडव्या भागासाठी, उभ्या बाजूवर तो ओघळतो. तिथे न ओघळणारा घ्यावा. स्टेनलेसचा स्क्रू अॅल्युमिनियमला थेट लागून ओल धरली की पत्रा पांढऱ्या भुकटीसारखा खाल्ला जातो, म्हणून नायलॉनचा वायसर घालावा.

छत उचलायला मदत करतात ते गॅसचे शॉकर, गाडीच्या डिकीला असतात तसे. दांडी खालच्या बाजूला ठेवून बसवले की आतले तेल सीलवर राहते आणि शॉकर जास्त टिकतो. थंडीत छत जड लागते, तो बिघाड नव्हे : 20 अंशांवरून उणे 10 वर गेले की आतला दाब सुमारे दहा टक्के घटतो. बदलायचे तर जोडीने बदलावेत, नाहीतर छत तिरके उचलते आणि बिजागरीचे स्क्रू प्लायवुडमधून सैल होतात. नळीवर छापलेला न्यूटनचा, म्हणजे जोराचा, आकडा बघूनच नवा घ्यावा. छतावर सोलर पॅनल चढवला म्हणून कुणी एकदम भक्कम शॉकर लावतात, मग छत खाली घ्यायला दोघांना लोंबकळावे लागते. काढण्याआधी छताला लाकडी टेकू द्यावा. जुना शॉकर कापू किंवा भोसकू नये, आत दाबाखालचा नायट्रोजन असतो.

हौद्यात कॅम्पर चार टर्नबकलांनी, म्हणजे पिळून ताणायच्या आकड्यांनी, बांधलेला असतो. खाली रबरी चटई असली की सरकणे बरेच थांबते. हाताने पिळून ढील संपली की पान्याने थोडेच आवळावे आणि लॉक नट बसवावा. पहिल्या 20 किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे, मग रोज सकाळी. जास्त पिळले तर दोष टर्नबकलमध्ये दिसत नाही, तळाच्या प्लायमध्ये दिसतो : टर्नबकल अडकवायच्या कडीच्या बोल्टचा (आय-बोल्टचा) वायसर लाकडात रुतून वर येऊ लागतो. आम्ही तिथे वायसरऐवजी हाताच्या पंज्याएवढी अॅल्युमिनियमची जाड पाटी टाकतो. वजनाचा हिशेब करताना पाणी विसरू नये, 75 लिटरची भरलेली टाकी म्हणजे 75 किलो.

विजेच्या तक्रारींत निम्म्याहून अधिक वेळा बॅटरीला दोष दिला जातो आणि कारण निघते वायरीत. गाडीच्या बॅटरीपासून कॅम्परच्या बॅटरीपर्यंत सहा मीटर अंतर असेल तर वीज जाऊन-येऊन बारा मीटर चालते. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून 20 अॅम्पिअर गेले की साधारण 1.6 व्होल्ट वाटेतच संपतात. बॅटरी भरणार कशी? 16 चौरस मिलिमीटरच्या वायरीत हाच तोटा पाव व्होल्टवर येतो. दोन्ही टोकांना बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये.

एक किलो प्रोपेन जळला की सुमारे 1.6 किलो पाण्याची वाफ तयार होते. शेगडी पेटवून ऊब आणणाऱ्यांच्या गादीखाली ओल का येते, ते यात आले. त्यात माणसांच्या श्वासाची भर. भिंत गळते म्हणून आलेल्या कित्येक कॅम्परांत गळती नव्हतीच, दव होते. समोरासमोरच्या दोन फटी रात्रभर उघड्या हव्यात आणि गादीखाली हवा खेळेल अशी जाळीची चटई. जमिनीलगतचे गॅसचे छिद्र थंडी वाजते म्हणून कधीही बुजवू नये, प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळालेला गॅस तिथूनच बाहेर पडतो. सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवरची मुदतीची तारीखही वाचावी, चाचणीचे बटण वाजले म्हणजे आतला सेन्सर शाबूत आहे असे नाही.

पाण्याची टाकी निर्जंतुक करायला पाच टक्क्यांचे, सुगंध न मिसळलेले ब्लीच लिटरमागे एक मिली घालावे, सगळ्या नळांतून ब्लीचचा वास येईपर्यंत पंप चालवावा, चार तास ठेवावे, मग वास जाईपर्यंत धुवावे.

आता आमचा क्रम उलटा झाला आहे. भिंत शिवायला आलेल्या कॅम्परचे आधी छत तपासतो, मग बिजागऱ्या आणि शॉकर, आणि मशीन सर्वांत शेवटी. बराच काळ कॅम्पर न वापरता बंद करून ठेवणाऱ्यांना एवढेच सांगतो : टाकी आणि पंप कोरडे करा, बॅटरी सोडवा, कपाटे उघडी ठेवा, आणि कोरड्या दिवशी महिन्यातून एकदा छत उचलून दोन-तीन तास तसेच राहू द्या. खाली घेताना घडी मागच्याच रेषेवर पडू देऊ नका, बोटभर सरकवा.