विहिरीवरच्या फणसाचं धोंडस

केक खायचा तर बेकरीत जायचं नाहीतर ओव्हन घ्यायचा, असंच मुंबईत वाढलेल्या पोरांना वाटतं. पण सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी आजी चुलीवर जे धोंडस भाजायची ना, ते मी केकच्या आधीपासून खातेय आणि आजही कुठल्याही केकच्या वर ठेवते. अंडं नाही, मैदा नाही, सोडा नाही, घरचा फणस, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं, बस.

आम्ही लालबागचे चाकरमानी. मे महिना लागला की आई आम्हा भावंडांना घेऊन गावी. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली, त्याआधी आपली लाल एसटी, रात्रभर वळणं घेत घेत, कोणाला तरी उलटी व्हायचीच. ते सगळं पडवीत पाऊल टाकेपर्यंत, कारण तिथे पिकलेला फणस गोणपाटाखाली झाकून ठेवलेला असायचा आणि त्याचा वास आख्ख्या घरात भरलेला.

आता हे जरा नीट सांगते, कारण धोंडसाचं सगळं गुपित यातच आहे. आमच्याकडे फणसाची बरीच झाडं, आणि प्रत्येकाला जागेवरून नाव. दारातला, मांगरामागचा (मांगर म्हणजे घराबाजूची खोपी), विहिरीवरचा. आठळी म्हणजे फणसाची बी, ती रुजून आलेलं झाड आईच्या झाडासारखं निघेलच असं नसतं, त्यामुळे एकाच परड्यातल्या दोन फणसांची चव जुळत नाही. दारातला कापा, त्याचे गरे कडक, ते नुसते खायचे नाहीतर कच्चे असताना खोबरेल तेलात तळायचे. मांगरामागचा बरका, म्हणजे मऊ रसाळ गऱ्याचा, गोड मिट्ट पण दोरे फार. आणि विहिरीवरचा पण बरकाच, पण रस भरपूर आणि दोरे कमी, म्हणून सांदणं (फणसाच्या रसाच्या वाफवलेल्या इडल्या) असोत की धोंडस, आजी म्हणायची विहिरीवरचोच आणा. दुसरा फणस समोर फुटलेला असला तरी ती ऐकायची नाही, आणि बरोबरच होतं तिचं.

हाताला खोबरेल लावून चीक सांभाळत गरे काढायचे, आठळ्या वेगळ्या, मग बांबूच्या रोवळीवर गरे घासायचे. हे काम आम्हा पोरांचं. खाली परातीत पिवळा घट्ट रस पडत जायचा आणि दोरे वर राहायचे, कोपरापर्यंत हात बरबटायचे, माशा यायच्या, पण उठायचं नाही. रस निघाला की आजी बोटाने चाखायची आणि तेव्हाच गूळ किती ते ठरायचं. वाटी-चमचा असलं मोजमाप तिच्याकडे नव्हतंच, कारण झाड तेच असलं तरी सुरुवातीचा फणस वेगळा आणि पावसाचे शिंतोडे पडल्यावरचा वेगळा, तो पाणचट लागतो, त्याला गूळ जास्त आणि शिजवायला वेळही जास्त.

आमचं स्वयंपाकघर म्हणजे शेणाने सारवलेली जमीन, मातीची चूल, बाजूला वैल म्हणजे चुलीचंच जोडतोंड, आणि वर कौलांमध्ये एक काचेचं कौल, तेवढाच उजेड. तांदूळ धुवून वाळवून जात्यावर जाडसर भरडलेला असायचा, तो रवा तुपात भाजायचा, मग त्यात रस, गूळ, ओलं खोबरं, किंचित मीठ. शिऱ्यासारखं घट्ट होईपर्यंत ढवळत राहायचं, हाताला रग लागते खरंच. वेलची शेवटी. मग जाड बुडाच्या टोपात केळीचं पान शेकून अंथरायचं, त्यावर हे सगळं थापायचं, आणि वर सपाट झाकण.

चुलीतली लाकडं मागे ओढून खाली थोडेच निखारे ठेवायचे, आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे चिमट्याने एकेक करून रचायचे, करवंटीची आच कडक असते आणि टिकतेही. वर जास्त, खाली कमी, हे उलटं झालं की बूड करपलं आणि वरचा भाग ओलाच. आम्ही सारखे झाकणाभोवती घुटमळायचो आणि आजी ओरडायची, "गो, झाकण काढू नको, वाफ जातली!" मग खरपूस वास सुटला, कडा टोपापासून सुटल्या, की ती माडाची हीर, म्हणजे झावळीच्या पातीची काडी, आत खुपसून बघायची. हीर कोरडी आली की झालं. तरी लगेच मिळायचं नाही, पूर्ण गार झाल्याशिवाय ती सुरी लावू द्यायची नाही, कारण गरम कापलं की चुरा होतो. तोपर्यंत आम्हाला गप्प करायला उरलेल्या राखेत आठळ्या पुरलेल्या असायच्या, त्या सोलून मिठाशी खायच्या.

वरची काळपट तांबूस पापडी आणि कडेचा चिवट तुकडा, त्यावरून आमची भांडणं. आजी कडा मोजून वाटायची. दुसऱ्या दिवशी धोंडस जास्त छान लागतं हे मला तेव्हाही माहीत होतं, पण उरायला तर पाहिजे.

मुंबईत आईने हे करून बघायचं ठरवलं तेव्हा ओव्हन कुठला आमच्या चाळीत. दिवाळीत नानकटाईचे ट्रे बेकरीच्या भट्टीत भाजायला नेत बायका, पण मे महिन्यात फणसाचा टोप घेऊन कोण जाणार! आईने कुकरमध्ये वाळू तापवून, शिट्टी आणि रिंग काढून, त्यात डबा ठेवून भाजलं. खालून छान व्हायचं, वरची पापडी मात्र यायची नाही, कारण वरून आचच नाही. मग ती गार झालेलं धोंडस उलटं करून तव्यावर तुपात शेकायची. मला तो तिचा शोध फार आवडतो.

आजी गेली, काकू आता गॅसवर रांधते, पण धोंडसासाठी मागची चूल पेटवतेच. विहिरीवरच्या फणसाचा रस काढून ती फ्रीजरमध्ये गोठवते आणि गावचं कोणी तुतारी एक्सप्रेसने निघालं की डबा दादरला येतो. माझ्याकडे छोटा ओव्हन आहे. दोन वाट्या रस, एक वाटी तांदळाचा रवा, पाऊण वाटी गूळ इथून मी सुरुवात करते आणि रस चाखून गूळ कमी-जास्त करते. १८० डिग्रीला साधारण पाऊण तास, शेवटची दहा मिनिटं फक्त वरची कॉइल. पापडी येते, अगदी करवंटीच्या निखाऱ्यांसारखी नाही, पण येते. धुराचा वास नाही येत, त्याला इलाज नाही. बाजारातला बरका फणस मिळाला तर त्याचंही होतं, फक्त आधी चाखा, वरचं प्रमाण डोळे झाकून घेऊ नका. आणि मीठ विसरू नका, चिमूटभर मिठाशिवाय गूळ नुसता गोड लागतो.

फणस संपला की वाट बघायची तवशाची, त्याचंही धोंडस होतं. पावसाळ्यात मांडवावर लागलेली मोठी काकडी, पिकलेली, तिला आमच्याकडे तवसं म्हणतात. काही तवशी माडाच्या झावळीच्या दोऱ्यात गुंडाळून वाशाला टांगून ठेवतात, महिनोन्‌महिने टिकतात. नागपंचमीच्या आसपास दादरच्या बाजारात पातोळ्यांसाठी हळदीच्या पानांच्या जुड्या येतात, तेव्हा दोन जास्त घ्या, केळीच्या पानाऐवजी टोपात तीच अंथरायची. तवशाची साल आणि बिया काढून किसा, आणि किसाला जे पाणी सुटतं ते अजिबात ओतून देऊ नका, रवा त्याच पाण्यात शिजवायचा, वरून दुसरं पाणी घालायचं नाही.