पायाने धरणारी घोडी: आता दांडे तासायला लागली

शेव्हिंग हॉर्स, म्हणजे पायाने दाबून लाकूड धरणारी घोडी, आता इतकी तयार झालीय की परवा तिच्यावर बसून कुदळीचा अख्खा दांडा तासला. बसायची जागा गोल करायची बाकी आहे, तेलही पाजायचंय. पण धरायचं काम ती चोख करतेय, म्हणून मापांसकट सगळं मांडतो.

आपल्या खान्देशात शेती म्हटली की कुदळ, कुऱ्हाड, फावडं, सगळ्यांना दांडे लागतात. यंत्रावर कातलेल्या दांड्यात लाकडाची रेषा तिरकी गेलेली असली की तो नेमका तिथेच मोडतो. पाचर ठोकून फाडलेलं आणि रेषेच्या बाजूने तासलेलं लाकूड असं दगा देत नाही. या घोडीमागे माझा हेतू एवढाच.

बाकाची फळी कडुनिंबाची. १५० सेंमी लांब, २० रुंद, ५ जाड. पाय तीनच ठेवलेत, बसायच्या बाजूला दोन आणि पुढे एक. अंगण कितीही उंचसखल असो, तीन पाय डुगडुगत नाहीत. आणि हे पाय मला फार आवडलेत, कारण ते मोडक्या बैलगाडीच्या चाकाचे आरे आहेत. बाभळीचे, वर्षानुवर्षं वाळलेले, सुतासारखे सरळ नसले तरी दगडासारखे टणक. टोकाची चौकोनी कूस गोल करून ३० मिमीवर आणली आणि गिरमिटाने पाडलेल्या तिरप्या भोकात ठोकली. वरून पाचर मारताना ती फळीच्या रेषेला आडवीच मारायची. रेषेच्या दिशेने मारली तर फळी चिरते. कूस मात्र पूर्ण वाळलेलीच हवी. जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. ओली कूस त्या उन्हात आकसते आणि पाय भोकात खुळखुळू लागतो.

खरी गंमत झुलत्या चौकटीत आहे. दोन प्रकार होते डोळ्यांपुढे. जर्मन पद्धतीच्या घोडीत बाकाच्या मधोमध एकच खांब असतो, वर मोठं डोकं, आणि लाकूड बाजूने घालता येतं. इंग्लंडकडच्या घोडीत दोन्ही बाजूंना उभे दांडे आणि वर आडवा जबडा असतो. मी दुसरी निवडली. बाकात लांब खाच पाडावी लागत नाही, डोक्यासाठी जाडजूड ओंडका शोधावा लागत नाही. लाकूड टोकाकडूनच आत सरकवावं लागतं, पण दांड्यांच्या कामात त्याने काही अडत नाही.

उभे दांडे जुन्या सागवानी दाराच्या चौकटीतून काढले. बाकातून आरपार जाणारी, चौकट जिच्यावर झुलते ती सळई १२ मिमीची. सळईपासून जबडा २० सेंमीवर, पाय टेकवायचा दांडा ५० सेंमीवर. पायाने २० किलोचा जोर लावला की जबड्याखाली साधारण ५० किलोचा दाब मिळतो. सळईसाठी प्रत्येक दांड्याला अडीच-अडीच सेंमीवर तीन भोकं पाडलीत, म्हणजे जाड लाकूड आलं की सळई एक भोक खाली सरकवायची.

तासायचं लाकूड जिच्यावर टेकतं ती उताराची फळी माझ्याकडे उंच, पलीकडे बाकाला टेकलेली, चढ सुमारे १५ अंश. पाय पुढे रेटला की जबडा माझ्याकडे येत येत फळीवर दाबतो. आता बघा, तासायची सुरीही मी माझ्याकडेच ओढतो. लाकूड सुरीबरोबर सरकू पाहतं, सरकताना जबड्यालाही ओढतं, आणि पकड आणखी आवळते. शिवाय हात ओढतात तेव्हा पाय आपोआप रेटला जातो. जितका घास मोठा तितकी पकड घट्ट. मात्र यासाठी सळईतून उताराच्या फळीला काटकोनात रेघ काढली, तर जबड्याची टेकणारी कड त्या रेघेच्या आपल्या बाजूला पडली पाहिजे. ती पलीकडे पडली तर जबडा आवळायच्या ऐवजी उचलला जातो. बांधणारे हो, बाकी मापं दोन बोटं इकडेतिकडे चालतील, हे एक मात्र कागदावर काढूनच पुढे जा.

दोन मुठींची ओढसुरी गावातल्या लोहाराकडून घडवून घेतली, जीपच्या कमानपाट्याची. लाल तापवून तेलात बुडवून कडक केली, नंतर फिका पिवळा रंग चढेपर्यंत परत तापवली. धार छान टिकते.

लाकूड बांधावरच्या छाटलेल्या बाभळीचं. ओलं असताना सुरी लांबलचक ढलपे काढते, वाळल्यावर त्याच बाभळीला घाम फुटेपर्यंत ओढावं लागतं. म्हणून फाडलेले तुकडे टोकांना जुना ऑइलपेंट लावून गोठ्यात ओल्या गोणपाटाखाली ठेवतो, नाहीतर आपल्या उन्हात रातोरात टोकं तडकतात. दांडा आधी थोडा जाड तासायचा, सावलीत वाळवायचा, मग शेवटचा हात. अंजन आणि तिवस यांचा मोह मलाही होतो, पण साग, अंजन, तिवस ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. परवानगीशिवाय त्यांना हात लावू नये.

काम चालू असताना गल्लीतले एक म्हातारे सुतार येऊन उभे राहिले. "हाई काय शे रे भो?" म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता बसलेच. त्यांनी आयुष्यभर जमिनीवर बसून, लाकूड तळपायांत धरून वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, चालवली. पायाचा दाब कधी वाढवायचा, कधी सोडायचा, हे त्यांना सांगावं लागलं नाही. दांडा फिरवताना त्यांचा पाय माझ्यापेक्षा कितीतरी लवकर सैल होत होता, ते बघून मी बरंच शिकलो. जबड्याला चामडं लावायचा माझा बेत ऐकून म्हणाले, "चामडं कसाले? सायकलनी ट्यूब लाव." लावली. ओलं लाकूड जराही घसरत नाही आणि तासलेल्या भागावर जबड्याचा वळही उठत नाही. आबा, तुमचे आभार.

पुढे स्पोकशेव्हने, म्हणजे दोन मुठींच्या छोट्या रंध्याने, मुठीचा भाग गुळगुळीत करायचाय आणि पेरण्यांच्या आत घरचे सगळे दांडे बदलायचेत. कुणी धामणीच्या झाडाचा दांडा ओला तासून पाहिला असेल, तर तो सावलीत किती दिवस ठेवला आणि वाकला का, हे जरूर कळवा. धामण लवचीक म्हणून कुऱ्हाडीसाठी ती वापरून पाहायची माझी इच्छा आहे.