नळीला मानवेल तोच छर्रा

आज आम्ही छर्रे विकतो, पण सुरुवात बंदुकांच्या दुरुस्तीपासून झाली. गोरेगावला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात मी आणि माझा धाकटा भाऊ एअरगनच्या स्प्रिंगा, वॉशर बदलून द्यायचो. वडील टूलरूममध्ये डाय बनवायचे, त्यामुळे मायक्रोमीटर हातात धरायची सवय घरातूनच लागलेली. ‘दादा, बंदूक नेमावर बसत नाही’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांची बंदूक ठणठणीत असायची. त्यांनी आणलेला डबा बाजूला ठेवून दुसरे छर्रे भरले की नेम एका जागी पडायला लागायचे. मग दुरुस्तीचे पैसे कशाचे मागणार? भाऊ म्हणाला, आपण छर्रेच ठेवू या.

एअर रायफलचा छर्रा डमरूसारखा असतो. पुढे डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. मागून हवेचा दाब आला की मऊ शिशाचा घेर फुलतो आणि नळीतल्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, घट्ट बसतो. डोकं पुढची बाजू सरळ धरून ठेवतं. घेर जवळपास सगळ्यांचा सारखाच, फरक डोक्यात. नवं गिऱ्हाईक भुलतं ते टोकदार डोक्याला, कारण टोक दिसलं की नेमका लागणार असं वाटतं. पण ते टोक अगदी मध्यावर आणणं कारखान्याला जड जातं, आणि डब्यात छर्रे एकमेकांवर आपटले की पहिलं तेच वाकतं. आम्ही टोकदार छर्रे ठेवत नाही. टोकाला खड्डा असलेले छर्रे शिकारीच्या कामाचे, तेही ठेवत नाही. कर्जतकडचे फार्महाऊसवाले ‘पाखरांसाठी’ म्हणून विचारतात, तेव्हा त्यांना 1972 चा वन्यजीव कायदा सांगतो आणि बुजगावणं उभं करा म्हणतो. काही जण रागावून जातात. जाऊ देत.

उरले दोन, चपटे आणि गोल. गोल डोक्यावरून हवा सुरळीत सरकते, म्हणून 25-30 मीटरच्या पुढे तोच बरा. चपटा तिथवर जाईतो वेग घालवून बसतो आणि भरकटतो. स्पर्धेच्या 10 मीटरवर मात्र हा तोटा जाणवत नाही, उलट चपट्या डोक्याची धार कागदात स्वच्छ, गोल भोक पाडते. गोल डोक्याचा छर्रा कागद फाडत जातो, आणि भोकाची कड टार्गेटवरच्या गुणांच्या रेषेला लागली की नाही यावर वाद रंगतात.

मुंबईला नेमबाजीचा हा खेळ नवा नव्हता. अंजली भागवत 2000 मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या आणि सुमा शिरूर 2004 मध्ये अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या होत्या. पण 2008 मध्ये अभिनव बिंद्रानं बीजिंगला सुवर्ण जिंकलं, आणि मुलांचा हात धरून आई-वडील आमच्या गाळ्यात यायला लागले. ही मंडळी वरळीच्या रेंजवर किंवा दादरला सावरकर स्मारकात सराव करणारी. त्यांच्यासाठी आकाराचा प्रश्न कोचनंच सोडवलेला असतो, चपटा. खरा घोळ पुढे सुरू होतो.

एकाच कंपनीचा, एकाच वजनाचा चपटा छर्रा 4.49, 4.50, 4.51 अशा डोक्याच्या मापांत मिळतो. रायफलला साधारण 0.53 ग्रॅमचा, पिस्तुलाला 0.45 च्या आसपासचा. ‘मिलिमीटरच्या शंभराव्या भागानं काय फरक पडतो?’ असं पालक विचारतात, कारण डबा स्वस्त नसतो. मग मी त्यांना टार्गेट दाखवतो. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा 0.5 मिलिमीटरचा. छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून 2.5 मिलिमीटरच्या आत असेल तर 10.0, आणि तिथून प्रत्येक पाव मिलिमीटरला दशांश गुण, थेट 10.9 पर्यंत. म्हणजे छर्रा 1 मिलिमीटरनं सरकला की 0.4 गुण गेले. आणि पात्रता फेरीत असे 60 शॉट.

कोणतं माप चांगलं, हे सांगता येत नाही. ते प्रत्येक नळीवर अवलंबून. म्हणून गाळ्यातच 10 मीटरची लेन काढली आणि जाड लोखंडी टेबलावर शिकंजा बसवला. रायफल त्यात आवळायची, म्हणजे मारणाऱ्याच्या हाताचा, श्वासाचा प्रश्नच उरत नाही. छर्रा बदलला की सुरुवातीचे काही शॉट मोजायचे नाहीत, नळीला नव्या शिशाची सवय होऊ द्यायची. मग एकाच भोकावर दहा मारायचे, भोकाची बाहेरून बाहेर रुंदी घ्यायची आणि त्यातून छर्ऱ्याच्या रुंदीचे 4.5 मिलिमीटर वजा करायचे. उरतो तो गट, म्हणजे दहा छर्रे किती पसरले ते. भोक 6 मिलिमीटरचं असेल तर गट दीडचा, म्हणजे उत्तम. भाऊ हे काम करताना कुणाशी बोलत नाही, गिऱ्हाइकाशीसुद्धा नाही.

बॅचचाही फरक पडतो. शिशाची तार साच्यात दाबून छर्रे बनतात, आणि साचा झिजतो. म्हणून पसंत पडलेल्या डब्यावरचा बॅच नंबर आम्ही वहीत टिपून ठेवतो. पुढच्या वेळी नुसतं कंपनीचं नाव सांगून डबा मागणाऱ्याला आम्ही वही उघडायला लावतो.

बाकी सूचना तोंडपाठ झाल्यात. डबा सॅकमध्ये मोकळा टाकून विरारची गर्दीची लोकल पकडू नका, घेर चेपतो आणि चेपलेला घेर नळीत नीट बसत नाही. स्पर्धेसाठी फोमच्या खाचांत एकेक ठेवलेलेच घ्या. पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर शिशावर पांढरी भुकटी येते, ते छर्रे सरावालाही वापरू नका. मुलांनी छर्रा ओठांत धरायचा नाही, आणि डब्याला हात लावून वडापाव खायचा नाही, आधी साबण.

2024 मध्ये पॅरिसला मनू भाकरनं पिस्तुलात पदकं मिळवली, तेव्हापासून पिस्तुलाची विचारणा वाढली आहे. त्यासाठी शिकंज्याचे नवे जबडे भाऊच लेथवर घडवतोय. तोवर चाचणी फक्त रायफलची. ज्या बॅचवर गट जमेल तिचे डबे आम्ही खेळाडूच्या नावानं मोसमभर बाजूला ठेवतो, पैसे मात्र डबा नेताना.