खळ्यातलं भोक

दिवाळीला कोल्हापूरहून करूळ घाट उतरून घरी पोचलो, तेव्हा आईचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, नुकतंच तयार झालं होतं. पावसाने उकललेली माती खणायची, पाणी घालून कालवायची, चोपण्याने बडवून सपाट करायची आणि वर शेणाने सारवायचं. चार दिवस कंबर मोडते. त्याच खळ्यात मी साइड स्टँडवर गाडी लावली आणि आत चहाला गेलो. बाहेर येतो तर स्टँड दोन बोटं मातीत, आणि गाडी डावीकडे अशी कलली होती की आणखी थोडी कलती तर क्लच लिव्हर गेलाच होता. आईने गाडीकडे पाहिलंही नाही. तिने भोक पाहिलं.

चूक आमच्या गाडीची एकटीची नाही. मे महिन्यात टपरीसमोरच्या डांबरावर बघा, स्टँडांचे खळगेच खळगे. पावसात तर गाडी लावायच्या आधी चपटी कपची शोधायची, पायाने स्टँडखाली सरकवायची आणि निघताना ती तिथेच विसरायची. चहा पितानाही अर्धं लक्ष गाडीवर. हे मी पंधरा वर्षं करत आलो.

भोक बुजवताना आईच्या हातातलं चोपणं पाहिलं आणि चूक कळली. चोपणं चांगलं जोरात आपटतं, पण रुंद असल्यामुळे मातीत रुतत नाही. गाडीचं बहुतेक वजन दोन चाकांवरच असतं. स्टँडच्या वाट्याला थोडंच येतं, पण ते थोडंही पाच बाय तीन सेंटीमीटरच्या टाचेवर. टाच रुंद केली की काम झालं.

बाजारात स्टँडच्या टाचेला बसवायचे तयार रुंद बूट मिळतात, पण मी गेलो वेल्डिंगवाल्याकडे. स्टँड काढायला त्याची स्प्रिंग सोडवणं हेच खरं अवघड काम. त्याने ती ताणलेली असतानाच वेढ्यांच्या फटींत नाणी खोचली, मग स्टँड दुमडल्यावर स्प्रिंग सैल पडून सहज निघाली. (घरी पक्कड आणि शिव्या यांच्या जोरावर हे करू पाहिलेल्यांनाच या युक्तीची किंमत कळेल.) मी नऊ बाय सातचा, चांगला जाड पत्रा दाखवला. तो हसला. "पत्रो जाड लावलो तर गाडी सरळ उभी रवतली, नि वारो इलो की उजवीकडे निजतली." स्टँडवरची गाडी थोडी कललेली असते म्हणूनच टिकते, हे मला त्या दिवशी नीट समजलं. त्याने पाच मिलिमीटरचा पत्रा घेतला, तेवढीच जुनी टाच खालून घासली, बाहेरचा कोपरा गोल केला, नाहीतर डाव्या वळणावर गाडी झुकवली की तो रस्त्याला घासला असता. मग दोन्ही बाजूंनी टाके मारले आणि वर काळा रंग.

चढावर मात्र ही टाच काही कामाची नाही. तिथे अजूनही गाडीचं तोंड चढाकडे करून पहिल्या गिअरमध्येच ठेवावी लागते.

घरी येऊन मुद्दाम खळ्यातच गाडी लावली. रात्रभर. सकाळी उचलली तर मातीवर फक्त एक चौकोनी ठसा, जेमतेम नखभर खोल. मी आईला हाक मारून दाखवला. तिने वाकून पाहिलं, मग बोट इंजिनाखालच्या काळ्या डागावर ठेवलं.

"स्टँडाचा झाला. आता ह्या तेलाचा काय ता बघ."