चौदाव्या दिवसाची भेट

दवाखान्यात बाळंत झालेलीच्या घरी आम्ही आशांनी सहा वेळा जायचं: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. सगळ्या भेटी झाल्या की २५० रुपये. ही पहिलटकरीण, बाळ १९०० ग्रॅमचं, आधारवर वय १९. तिची मनगटं बघून पटलं नाही, पण मी विचारलं नाही. आमच्या बीडकडं ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीला मिळते, नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरींची लग्नं लवकर का उरकतात, ते मला कुणी शिकवायला नको.

पहिल्या दोन भेटींत उत्तरं आजेसासूनंच दिली. दूध उतरलं? "उतरलं." पोटभर जेवती का? "जेवती." पोरगी भिंतीकडं तोंड करून. फॉर्मात आईसाठी प्रश्न आहे: असंबद्ध बोलते का, झटके येतात का. ही तर बोलतच नव्हती. दोन्ही वेळा मी 'नाही' लिहिलं.

चौदाव्या दिवशी म्हातारी दळणाला गेली होती. हात धुतले, रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणला, मग बाळ ठेवलं. २०५०. श्वास बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजायचे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणाऱ्या आमच्यातल्याच काहीजणी आहेत. एवढ्याशा बाळाचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच पळतो; दुप्पट करून कसं जमेल? ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजावं लागतं.

घड्याळ मी तिच्याच हातात दिलं. "पोटाकडं बघ अन् मोज." ओठ हलत राहिले.

"अठ्ठेचाळीस."

तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मग त्याच आवाजात म्हणाली, "ताई, हे जगलं नसतं तर मला आईकडं लावून दिलं असतं का?"

मी काय बोलले आठवत नाही. बहुतेक, बाळाचे पाय झाक म्हणाले.

आमचं काम बघणाऱ्या गटप्रवर्तक मॅडमना फोन केला. "तसा रकाना नाही ना? मग शेऱ्यात लिहा." शेऱ्याची ओळ करंगळीएवढी.

१६व्या, १८व्या दिवशी उगाच जाऊन आले. घड्याळ दिलं की मोजायची, बाकी गप्प. २१ला बाळ २२८० भरलं. २८ला दाराला कुलूप. मुकादमाचा ट्रॅक्टर रात्रीच गेला म्हणे.

कार्डावरचा नंबर नवऱ्याचा. लावला.

"बाळ बरंय."

तिला दे म्हणाले.

"ती फडात हाय."