ओक्लाहोमाला पाठवलेली आंबील

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिही, असा फोन आला तेव्हा मला आधी आठवला तो हत्ती. १९९७ साली, आठवीत असताना, आमच्यातल्या एकानं इंग्रजी पत्रात लिहिलं होतं की औशाच्या बसस्टँडवर रोज हत्ती येतो. बाईंनी ते पत्र हातात धरून वर्गाला विचारलं, "किती वाजता येतो रे? मी रोज लातूरच्या गाडीनं येते, मला कसा दिसला नाही अजून?"

बाई म्हणजे आमच्या इंग्रजीच्या बाई. त्यांचा भाचा अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मन गावच्या विद्यापीठात शिकायला होता. त्याची घरमालकीण शेजारच्या मूर गावात शिक्षिका. दोघांनी जुळवून आणलं आणि तिच्या वर्गातल्या मुलांना आम्ही पत्रं लिहायची असं ठरलं. आमच्या सदतीस जणांच्या पहिल्या कच्च्या पत्रांत हत्ती वगळता सगळं सारखंच होतं. निम्म्यांनी प्रतिज्ञाच इंग्रजीत उतरवली होती, उरलेल्यांचे वडील शेतकरी आणि आवडता खेळ क्रिकेट. बाईंनी सगळा गठ्ठा परत केला. "काल शाळा सुटल्यावर घरी जाताना काय दिसलं, ते लिहा. तेवढंच. बाकी भारत देश त्यांना नकाशात दिसतो."

माझ्या वाट्याला मुलगी आली. त्यावरून वर्गानं महिनाभर माझं जे केलं, ते इथं लिहीत नाही. करणारे यंदा समारंभाला येणार आहेत.

सगळी पत्रं एकाच जाड पाकिटात जायची. टपाल बाईंच्या पदरचं. उत्तर यायला दीड-दोन महिने लागत. माझ्या मैत्रिणीनं पहिल्याच पत्रात लिहिलं होतं की त्यांच्याकडे दर शनिवारी दुपारी बारा वाजता भोंगा वाजतो. तो वाजला की कुणी घाबरत नाही, कारण ती चाचणी असते. इतर वेळी वाजला तर मात्र पळायचं. शाळेत सराव होतो तेव्हा सगळ्यांनी बाहेरच्या भिंतीपासून लांब, आतल्या व्हरांड्यात गुडघ्यांवर बसायचं, डोकं भिंतीकडे आणि मानेवर दोन्ही हात. घरी असलं तर बिनखिडकीची खोली गाठायची, नाहीतर न्हाणीघरातल्या टबात पडून अंगावर गादी ओढून घ्यायची. काहींच्या अंगणात जमिनीत पुरलेली खोली असते, वरून लोखंडी दार. मी हे आजीला वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "म्हणजे माणसांचं पेव!" आमच्याकडे ज्वारी साठवायला जमिनीत पेव असायचं, तेच तिच्या डोळ्यांसमोर आलं. त्याहून बरा शब्द मला आजतागायत सापडलेला नाही.

टोर्नेडोला मराठीत काय म्हणायचं यावर मात्र वर्गात तासभर वाद झाला. मी 'चक्रीवादळ' म्हटलं. बाईंनी फळ्यावर दोन आकृत्या काढल्या. चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं, दिवसेंदिवस चालतं. टोर्नेडो मोठ्या गडगडाटी ढगातून खाली उतरतो, बहुतेकदा काहीशे मीटर रुंद, आणि काही मिनिटांत संपतोही. मेक्सिकोच्या आखाताकडून आलेली दमट गरम हवा आणि पश्चिमेकडची कोरडी हवा त्या सपाट मुलखावर एकमेकींना भिडतात, वर गेलं की वाऱ्याची दिशा आणि वेग बदलतो, आणि ढगच्या ढग स्वतःभोवती फिरायला लागतो. मग कुणीतरी म्हणालं, "बाई, वावटळ!" बाई म्हणाल्या, वावटळ जमिनीकडून वर जाते, तीही निरभ्र उन्हात. पण तुझ्या मैत्रिणीला वावटळीबद्दल लिही, तिला हसू येईल.

मी लिहिलं. चैत्रात कापणी झालेल्या रानात वावटळ कशी उठते, कडब्याची पानं, धूळ, एखादं फडकं गोल गोल वर नेते, आणि आजी तिच्याकडे बघून थुंकते, कारण आत भूत असतं. उत्तरात तिनं विचारलं, ती थुंकल्यावर वावटळ थांबते का? आजीनं शांतपणे सांगितलं, "थांबतेच की. कधी ना कधी."

सगळ्यात जास्त लिहिलं ते येळवशीबद्दल. वेळ अमावास्या लातूर-धाराशिवकडची, बाहेरच्या वाचकांना सांगावी लागते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला अख्खं गाव रानात जातं, औशात त्या दिवशी कुत्रंही दिसत नाही. ज्वारी डोक्याएवढी वाढलेली असते. कडब्याची खोप करायची, आत पाच दगड मांडून चुना लावायचा, ते पांडव. डोक्यावरून नेलेल्या मडक्यातली आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. आंबील रानात शिंपडायची. जाणारा-येणारा अनोळखी असला तरी त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. मी भज्जीला भजी समजून 'तळलेली' असं इंग्रजीत लिहिलं होतं. बाई मूळच्या पश्चिम महाराष्ट्रातल्या, त्यांनी ते तसंच जाऊ दिलं. म्हणजे तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे बेसन लावून शिजवलेली आमची भज्जी ओक्लाहोमात तळून निघाली.

तिनं कळवलं की ज्वारी त्यांच्याकडेही पिकते, मायलो म्हणतात, आणि गुरांना घालतात. आजी दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. "कणसं गुरांना? अन् माणसं काय कडबा खातात का?"

पुढच्या पत्रात तिनं विचारलं, तुमच्याकडे टोर्नेडो नाहीत, मग तुम्ही कशाला भिता? मी किल्लारीचा भूकंप लिहिला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. तेव्हा मी चौथीत होतो. आमच्या घराची एक भिंत खुंटीपासून खाली चिरली, एवढंच. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाखाली गेली. सुमारे दहा हजार माणसं. त्यानंतर कित्येक महिने आम्ही अंगणात झोपत होतो, थंडीत सुद्धा.

तिचं उत्तर आलं. त्यात एकच प्रश्न होता: भोंगा किती मिनिटं आधी वाजला?

मी ते पत्र घेऊन बाईंकडे गेलो. याचं उत्तर एका ओळीत आहे आणि ती ओळ लिहायला मला का जड जातंय, ते मला सांगता येत नव्हतं. ज्या मुलीला दर शनिवारी भोंगा ऐकू येतो, तिला भोंगा नसलेली आपत्ती माहीतच नव्हती. बाई बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "वाजला नाही, असंच लिही. भूकंपाला भोंगा नसतो म्हणावं." तसंच लिहिलं. त्या पत्रात बाईंनी व्याकरणाची एकही चूक दुरुस्त केली नाही. चुका होत्या, हे आता कळतं.

३ मे १९९९ च्या संध्याकाळी मूरमध्ये टोर्नेडो शिरला तेव्हा आमच्याकडे ४ तारखेची पहाट होती आणि मी गच्चीवर झोपलो होतो. नववीची परीक्षा होऊन सुट्टी लागलेली. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, मग विश्वचषक आणि कारगिल यांनी सगळी पानं व्यापली. पुढं वाचलं ते असं: तो सर्वात वरच्या, एफ-५ श्रेणीचा होता. साठ किलोमीटरच्या आसपास जमिनीवर चालला, ३६ माणसं गेली. फिरत्या रडारनं त्याच्या आतला वारा ताशी पावणेपाचशे किलोमीटरच्या पुढे मोजला. 'टोर्नेडो आणीबाणी' हा शब्द हवामान खात्यानं तिथं त्या संध्याकाळी पहिल्यांदा वापरला. काही जण हमरस्त्यावरच्या पुलाखाली जीव वाचवायला थांबले आणि तिथंच गेले. पुलाखाली वारा चिंचोळ्या जागेतून आणखी जोरानं घुसतो. जाणकार तेव्हापासून पुलाखाली थांबू नका असं बजावून सांगतात.

तिचं पत्र जुलैत आलं, मावशीच्या पत्त्यावरून. टीव्हीवरचा हवामानवाला सांगत होता की जमिनीखाली जा, नाहीतर वाटेतून बाजूला व्हा. ते शेजाऱ्यांच्या पेवात गेले. हो, तिनं तोच शब्द रोमन लिपीत लिहिला होता. आत अकरा माणसं आणि दोन कुत्री. आधी कान दुखायला लागले, मग आवाज. वर आले तेव्हा घराच्या जागी सिमेंटची फरशी होती आणि तिच्यावर टब. बाकी काही नाही. माझी पत्रं बुटांच्या खोक्यात होती, ती गेली. 'कॅन्ससमध्ये कुणीतरी आत्ता तुझी आंबील वाचत असेल,' असं लिहून खाली तिनं विचारलं होतं, येळवशीचं पत्र परत लिहशील का?

घर गेलेल्या मुलीनं घरातलं मागावं काय, तर येळवस. मी बसलो लिहायला आणि लक्षात आलं की पहिलं पत्र मी निम्मं ऐकीव लिहिलं होतं. या वेळी आईच्या मागं लागलो. कोणत्या शेंगा, किती चिंच, पाणी केव्हा. भज्जी तळायची नसते, हे त्या पत्रात दुरुस्त झालं. चार पानं भरली. मी शाळेत असताना लिहिलेल्या सगळ्या निबंधांपेक्षा ती चार पानं बरी होती, आणि त्यांची एकही प्रत माझ्याकडे नाही.

दहावीच्या गडबडीत पत्रं विरळ झाली, मग थांबली. २० मे २०१३ ला मूरवर पुन्हा तसाच टोर्नेडो आला, ईएफ-५, म्हणजे सुधारित मोजपट्टीवरही सर्वात वरच्या श्रेणीचा. २४ माणसं गेली, त्यांतली सात मुलं एका प्राथमिक शाळेतली. मी पुण्यात ऑफिसच्या टीव्हीसमोर उभा होतो. मानेवर हात ठेवून बसायचं, ते तिचं पहिलं पत्र मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. मावशीच्या जुन्या पत्त्यावर अंदाजानं कार्ड टाकलं.

ऑगस्टमध्ये उत्तर आलं. ती सुखरूप होती. घरी आता स्वतःचं पेव होतं. तिच्या काकांच्या शेतातली पोतंभर मायलो तिनं घरी आणली होती, दळून घेतली होती आणि आंबील करायची होती. ताक मिळालं. पण पीठ किती दिवस आंबवायचं, हे मी चार पानांत कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मी आईला फोन लावला.

"थंडी किती आहे त्यावर," आई म्हणाली. "तिकडं थंडी किती असते, ते विचार आधी."